पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) कुटुंब नियोजनाच्या मासिक आकड्यांचं पुढे नक्की होतं काय?

खरं सांगू का, बऱ्याच ठिकाणी महिनाअखेरीला एचएमआयएसवर (आरोग्य खात्याच्या ऑनलाइन माहिती प्रणालीवर) आकडे भरले की विषय संपला. पण हुशार एमओ (वैद्यकीय अधिकारी) तेच आकडे वर पाठवायच्या आधी स्वतः बघतो. अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचंच घ्या, ते दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं आणि रिपोर्टमध्ये पहिला, दुसरा, तिसरा डोस वेगवेगळा लिहितात, तर समजा ऑगस्टमध्ये पहिला डोस २० जणींनी घेतला आणि नोव्हेंबरात दुसरा फक्त ८ जणींनी, मग बाकीच्या १२ गेल्या कुठे? (चार आठवडे उशीर चालतो, म्हणून डिसेंबरचाही आकडा बघायचा.) मग रजिस्टर काढून नावं शोधायची, आशाताईंना घरी पाठवायचं. कोणाची पाळी अनियमित झालेली असते आणि असं होऊ शकतं हे आधी कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून ती घाबरून येत नाही. कोणी ऊसतोडीला गेलेली असते, तिला डोसच्या नोंदीचं कार्ड सोबत दिलं असतं तर तिकडच्या पीएचसीत डोस मिळाला असता.

आणि हो, छाया या गर्भनिरोधक गोळ्यांचा आकडा एकदम शून्यावर आला तर बायकांना नकोत असं लगेच समजू नका, आधी स्टोअरचं कपाट उघडून बघा, बऱ्याचदा स्टॉकच संपलेला असतो.