वाचकांचे प्रश्न : बोलणारा माणूस आणि त्याचं शहर

शहराबद्दल मिश्कीलपणे बोलणाऱ्या लेखकावर माहितीपट-मालिका कशी करावी, याबद्दल आलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न (फोंडा) : ‘प्रिटेंड इट्स अ सिटी’ पाहिली. एक लेखिका नुसती बोलत राहते, तरी सातही भाग संपेपर्यंत उठवत नाही. पणजीतल्या एखाद्या मराठी स्तंभलेखकाला घेऊन असं काही करता येईल का?

जरूर करता येईल. मात्र ती मालिका ‘नुसतं बोलणं’ नाही, हे आधी ध्यानात घ्या. २०२१च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवर आलेल्या या मालिकेत लेखिका फ्रॅन लेबोविट्झ न्यूयॉर्कबद्दल बोलतात आणि दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी समोर बसून मनमोकळं हसतात. दोघांनी २०१०मध्येही एक माहितीपट केला होता, त्यामुळे ओळख करून घेण्यात वेळ जात नाही. प्रत्येक भाग अर्ध्या तासाच्या आसपास आणि त्याला धरून ठेवणारा एक विषय : कुठे शहरातला प्रवास, कुठे पैसा, कुठे पुस्तकं. टेबलावरच्या गप्पा, रंगमंचावरची संभाषणं, रस्त्यातून चालणं आणि जुन्या चित्रफिती, असं सगळं त्यात विणलेलं आहे. शिवाय क्वीन्स म्युझियममधली न्यूयॉर्कची प्रतिकृती आहे. १९६४च्या जागतिक प्रदर्शनासाठी ती बनवली गेली. प्रमाण एका इंचाला शंभर फूट, इमारती सुमारे ८ लाख ९५ हजार. त्या चिमुकल्या पुलांमधून लेखिका चालते तेव्हा अख्खं शहर एका नजरेत येतं.

पणजीत हे काम बेतीची फेरीबोट करील. कठड्याशी लेखक उभा आणि समोरून शहर हळूहळू जवळ येतंय. फक्त तिथे संवाद घेऊ नका. इंजिनाच्या घरघरीत शब्द बुडतात. तिथलं चित्र घ्या आणि बोलणं खोलीतलं लावा.

सुरुवात विषयांच्या यादीपासून करा आणि विषय लहान ठेवा : पार्किंग, पायलट (दुचाकी टॅक्सीवाले), पोदेर (दारोदार पाव विकणारा), पावसाच्या तोंडावर खणलेले रस्ते. ‘पणजीबद्दल काय वाटतं?’ असं विचारलंत की भाषण मिळतं. ‘१८ जून रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधता तेव्हा काय काय होतं?’ असं विचारलंत तर निरीक्षण मिळतं. पूर्वतयारीच्या बैठकीत किस्से सांगायला लावू नका, विषयांची नावं तेवढी घ्या. आदल्या दिवशी रंगलेला किस्सा कॅमेऱ्यासमोर पाठांतरासारखा येतो. समोर बसणारा माणूस लेखकाच्या ओळखीतला, मनापासून हसणारा हवा. प्रश्नांचा कागद बघत बसणारा नको.

प्रश्न (म्हापसा) : जुन्या घराच्या बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) दोन तास मुलाखत घेतली. लेखिकाबाई सुरेख बोलल्या, पण आवाजात सतत खरखर आहे, मधूनमधून टिकटिक. काढता येईल का?

पूर्ण निघणार नाही. खरखर बहुधा पदराची आहे, टिकटिक मंगळसूत्राची. पंख्याची घरघर एकसुरी असते, म्हणून सॉफ्टवेअर तिला ओळखून कमी करतं. कापडाची सळसळ दर क्षणी बदलते आणि ‘स’, ‘श’, ‘च’ ज्या पट्टीत ऐकू येतात त्याच पट्टीत बसते. ती खरवडायला गेलात की शब्दांची धारही जाते. जिथे फार त्रास होतो तिथली वाक्यं बाईंकडून पुन्हा बोलून घ्या. तीच जागा, तोच माइक.

पुढच्या वेळी कॉलर माइक हनुवटीपासून एक वीत खाली, पदराच्या विरुद्ध बाजूला ब्लाउजच्या काठावर लावा. मायक्रोपोर (दवाखान्यात वापरतात ती कागदी) चिकटपट्टीची त्रिकोणी घडी करून, चिकट बाजू बाहेर ठेवून, माइकच्या दोन्ही अंगांना लावली की कापड त्याच्यावर घासत नाही. क्लिपजवळ वायरीचा एक वेढा घेऊन तोही चिकटवा, म्हणजे हात हलल्यावर ओढ माइकपर्यंत पोचत नाही. कडक खळीची सुती साडी सर्वांत जास्त वाजते. मऊ, धुवून वापरलेली नेसायला आदल्या दिवशीच सुचवा. मंगळसूत्र काढायला सांगू नका. ते पदराआड, माइकपासून दूर घेता येईल का, हे चमूतल्या एखाद्या बाईंनी विचारावं. काचेच्या बांगड्या टेबलावर आपटतात, तिथे जाड टेबलक्लॉथ घाला.

माइक एकच ठेवू नका. डोक्यावरून, चौकटीच्या जरा बाहेर, दोन-अडीच फुटांवर दुसरा टांगा. ऐकणाऱ्याला तिसरा माइक द्या आणि त्याचा ट्रॅक वेगळा ठेवा. त्याचं हसू ही अशा मालिकेची अर्धी गंमत असते. ते बाईंच्या माइकमध्ये लांबून मिसळलेलं आलं तर वाढवताही येत नाही, काढताही येत नाही. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. साधं बोलणं रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी लावा, म्हणजे मोठ्या हसण्याला जागा उरते.

पंखा, एसी, फ्रीज बंद करा. फ्रीज बंद करताना गाडीची किल्ली त्यातच ठेवा. निघताना किल्ली शोधाल आणि फ्रीज सुरू करायचा राहणार नाही. वेताची खुर्ची करकरते, लाकडी घ्या आणि तीवर चादरीची घडी घाला. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून खोलीची शांतता एक मिनिट ध्वनिमुद्रित करा. संकलनात दोन वाक्यांमधली फट तीच भरून काढते. पोदेराचा भोंपू मध्येच वाजला तर वैतागू नका. थांबा, तो नीट, वेगळा टिपून घ्या, मग वाक्य पुन्हा घ्या. शहर ऐकू येण्यासाठी तो आवाज लागणारच आहे. जून ते सप्टेंबर मात्र बाल्कांव विसरा. कौलांवर पाऊस सुरू झाला की काही उपाय नाही. स्लॅबची खोली, बंद खिडक्या, भिंतींवर गोधड्या.

प्रश्न (मडगाव) : चित्रीकरणाच्या वेळी सगळे पोट धरून हसले. संकलित भाग दाखवला तर कुणी हसेना. कुठे चुकलं?

श्वास कापले गेले असणार. बोलण्यातल्या फटी काढून टाकल्या की भाग चटपटीत वाटतो, पण विनोद त्या फटीतच असतो. समजा लेखक म्हणाला, ‘फेरी अगदी वेळेवर आली, फक्त ती कालची होती.’ ‘आली’नंतरचा अर्धा सेकंद, म्हणजे बारा-तेरा फ्रेम, तशाच ठेवा. ‘होती’ संपल्यावर सेकंद-दीड सेकंद लेखकाचा चेहरा सोडू नका, मगच ऐकणाऱ्याकडे जा. शेवटच्या शब्दावरच कट मारलात तर प्रेक्षकाचं लक्ष नव्या चित्राकडे जातं आणि शब्द हुकतो. लेखक खड्ड्याबद्दल बोलत असताना खड्डा दाखवणं हीही तशीच चूक, कारण चित्र आधीच सगळं सांगून टाकतं.

उपशीर्षकं देत असाल तर हे वाक्य दोन तुकड्यांत फोडा. ‘फेरी अगदी वेळेवर आली,’ एवढंच आधी. उरलेलं तो बोलू लागेल तेव्हा. वाचणारा ऐकणाऱ्याच्या पुढे असतो, पूर्ण वाक्य एकदम दिसलं की तो आधीच हसून मोकळा होतो. देवनागरीत दोन ओळींतलं अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकमेकांत अडकतात. मोबाइलच्या पडद्यावर एकदा तपासाच. बोलण्यातले कोंकणी शब्द मराठीत बदलू नका. ‘सुशेगाद’ला ‘निवांत’ केलंत की माणूस पणजीचा राहत नाही.

प्रश्न (वास्को) : दुकानात घेतलेल्या चित्रणात आडवे पट्टे सरकताना दिसतात.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्या लयीत दिवे लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा. काही स्वस्त एलईडी तरीही थरथरतात. ते विझवून खिडकीचा उजेड घ्या.

प्रश्न (डिचोली) : परवानग्या आणि जुन्या चित्रफितींचं काय?

राज्यातल्या चित्रीकरणासाठी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा ही नोडल (समन्वय पाहणारी) संस्था आहे, पहिली चौकशी तिथे करा. जुन्या गोव्यातल्या संरक्षित वास्तूंसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी वेगळी लागते. दाबोळी विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, त्या बाजूला कॅमेरा वळवू नका.

चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९६१मध्ये प्रदर्शित झालेल्या वृत्तपटाची मुदत २०२१च्या अखेरीस संपली. छायाचित्राला हा हिशेब सरसकट लावू नका. तिथे छायाचित्रकाराच्या हयातीचाही प्रश्न येतो. कुणाच्या घरच्या अल्बममधला फोटो घेतलात तर तोंडी ‘वापरा हो’वर थांबू नका. कोणता फोटो, कुठे दाखवणार, किती काळ, हे कागदावर लिहून सही घ्या आणि एक प्रत त्या घरीही ठेवा.