मैदानालगतचे प्रश्न : डॉक्टर की फॉरवर्ड?

प्रश्न : सर, नमस्कार. माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. त्याने नीट द्यावी आणि डॉक्टर व्हावं, अशी त्याच्या बाबांची इच्छा. पोराला मात्र फुटबॉलशिवाय काही सुचत नाही. यंदा पेठेतल्या संघाकडून त्याची केएसएकडे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, नोंदणीही झालीय. परवा त्याने अभ्यासाच्या टेबलासमोर एका जुन्या खेळाडूचा फोटो चिकटवला. त्या खेळाडूच्या कमरेला पांढरा रुमाल खोचलेला आहे. म्हणाला, "आई, हा अल्कांतारा. फिलिपिन्सचा. बार्सिलोनाकडून खेळला आणि डॉक्टरपण झाला." हे खरं आहे का? आणि खरं असलं तर माझ्या मुलाला जमेल का?
एक आई, शिवाजी पेठ

उत्तर : ताई, पोरगं खरं बोलतंय. रुमालसुद्धा खरा आहे, तो खोचूनच खेळायचा.

पाउलिनो अल्कांतारा 1896 साली फिलिपिन्समधल्या इलोइलोत जन्मला. वडील स्पॅनिश लष्करी अधिकारी, आई तिथलीच. तो तीन वर्षांचा असताना कुटुंब बार्सिलोनाला आलं. 25 फेब्रुवारी 1912 ला तो बार्सिलोनाच्या मुख्य संघातून पहिल्यांदा उतरला तेव्हा पंधरा वर्षांचा होता, तुमच्या मुलापेक्षाही लहान. सामना 9-0 सुटला, त्यातले तीन गोल या पोराचे. युरोपातल्या क्लबकडून खेळलेला पहिला आशियाई खेळाडू म्हणून आज त्याचं नाव घेतात. मैत्रीपूर्ण सामने धरून त्याने क्लबसाठी साडेतीनशेवर गोल केले. तो विक्रम 2014 मध्ये मेस्सीने मोडला, म्हणजे ऐंशीवर वर्षं कुणाचा हात तिथवर पोचला नव्हता.

पण तुम्ही आई म्हणून विचारताय, तर तुमच्या कामाचा भाग पुढे आहे. 1916 मध्ये त्याचे आईवडील त्याला घेऊन फिलिपिन्सला परतले. तिथे त्याने डॉक्टरकीचं शिक्षण सुरू केलं. खेळ सुटला नाहीच. मनिलात बोहेमियन क्लबकडून खेळला, 1917 ला टोकियोत फिलिपिन्सने जपानला 15-2 हरवलं त्या संघातही होता. इकडे बार्सिलोनावाले त्याला परत पाठवा म्हणून मागे लागलेले आणि घरचे ऐकायला तयार नाहीत. तेवढ्यात त्याला मलेरिया झाला. असं सांगतात की मला बार्सिलोनाला पाठवणार असाल तरच औषध घेईन, म्हणून तो अडून बसला. अखेर आईवडिलांनी हार मानली आणि 1918 ला तो परतला. (तुमच्या चिरंजीवांना एवढा भाग वाचून दाखवू नका, काढ्याच्या वेळी घोळ व्हायचा.)

आता दुसरी बाजू, ही मात्र जरूर वाचून दाखवा. 1920 ला अँटवर्पच्या ऑलिम्पिकसाठी स्पेनच्या संघात त्याला बोलावणं आलं. त्याच सुमारास वैद्यकीयची शेवटची परीक्षा होती. तो परीक्षेला बसला. त्या ऑलिम्पिकमध्ये स्पेनने रौप्यपदक जिंकलं, त्या फोटोत अल्कांतारा नाही. स्पेनकडून तो पहिल्यांदा खेळला तो 1921 ला, बेल्जियमविरुद्ध, आणि 2-0 च्या विजयात दोन्ही गोल त्याचेच. 1927 ला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याने बूट ठेवले ते दवाखाना सांभाळायला.

ताई, या माणसाचं मला सगळ्यात मोठं वाटतं ते गोल नाहीत. एकदा आईवडील वाकले, एकदा तो वाकला. तुमच्या घरात आज बाबा नीटवर अडलेत आणि पोरगं मैदानावर, म्हणून हे सांगतोय.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला गोड उत्तर देऊन मी मोकळा होणार नाही. स्पेनमध्ये फुटबॉल हा पगारी पेशा म्हणून अधिकृत झाला 1926 ला, म्हणजे अल्कांताराची कारकीर्द संपत आली तेव्हा. आज व्यावसायिक खेळाडूला सकाळ-संध्याकाळ सराव, प्रवास, जिम, आहार यातून एमबीबीएसच्या वॉर्डात जायला वेळ उरत नाही. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला, तो लहान वयात घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला म्हणून. त्या वाटेला लागायचं तर अकरावीत उशीर झालाय, हे मुलाला आत्ताच सांगा. पण पेठेचा संघ, शाहू स्टेडियम, पुढे विद्यापीठाचा संघ, एवढं डॉक्टर होता होताही खेळता येतं. त्यालाही फुटबॉलच म्हणतात, आणि भरल्या गॅलरीसमोर खेळलेलं आयुष्यभर पुरतं.

पस्तीस वर्षं मी पोरांना शिकवलं. त्यात एक चूक अजून छातीत सलते. बारावीतला एक फॉरवर्ड होता, डावा पाय असा की चेंडू त्याच्या मागे पाळलेल्या कुत्र्यासारखा यायचा. सेमीफायनलच्या दुसऱ्या दिवशी त्याचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. घरच्यांनी खेळू नको म्हणून सांगितलेलं. मी त्यांच्या दारात जाऊन त्याला घेऊन आलो. दुसऱ्या हाफमध्ये घोटा गेला. प्रॅक्टिकल बुडालं, वर्ष गेलं आणि ते पोरगं कॉलेजात परत गेलंच नाही. ट्रॉफी आम्ही जिंकली. त्या रात्री मिरवणुकीत सगळी पेठ होती, तो नव्हता. त्याच्या आईने मला एक शब्दही ऐकवला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

म्हणून माझं ऐकाल तर असं करा. आपला हंगाम हिवाळ्यात लीगने सुरू होतो आणि स्पर्धा संपेपर्यंत उन्हाळा येतो. नीट मे महिन्यात. अकरावीचं हे वर्ष त्याला मनसोक्त खेळू द्या, एक सामनाही अडवू नका. बारावीत फक्त लीग, नंतरच्या नॉकआऊट स्पर्धा नाहीत. हे आत्ताच, बाबांनी आणि मुलाने समोरासमोर बसून ठरवायचं, आणि पेठेचा संघ चालवणाऱ्या तालमीतल्या मोठ्या मंडळींना बाबांनी स्वतः जाऊन सांगायचं. निरोप मुलाच्या हाती पाठवला तर तो पोचणार नाही. मोठी मंडळी कुरकुर करतील. तरी करा. नंतर कुणी तुमच्या दारात आलं, माझ्यासारखा कोच आला तरी, चहा पाजून परत पाठवा.

मुलासाठी एक गोष्ट माझ्याकडून. 30 एप्रिल 1922 ला बोर्डोमध्ये फ्रान्सविरुद्ध अल्कांताराने असा फटका मारला की चेंडू जाळं फाडून पलीकडे गेला. स्पेन 4-0 जिंकलं. लोक त्याला जाळंफाड्या म्हणू लागले. तोवर त्याची परीक्षा झालेली होती, एवढं त्याला आठवण करून द्या.

प्रश्न : मी गोलकीपर आहे, वय 22. अजून मोठ्या संघात बाकावरच बसतो. सोडून द्यावं का?
एक खेळाडू, फुलेवाडी

उत्तर : फिलिपिन्सचाच नील एथरिज बघ. लंडनमध्ये जन्मला, आई फिलिपिनो. फुलहॅममध्ये बरीच वर्षं बाकावर किंवा उसना म्हणून या क्लबातून त्या क्लबात. मग तिसऱ्या पातळीवरच्या वॉल्सॉलमध्ये दोन हंगाम, मग कार्डिफ. ऑगस्ट 2018 ला इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये उतरला तेव्हा 28 वर्षांचा होता, आणि तिथे खेळलेला पहिला फिलिपिनो ठरला. पहिल्याच सामन्यात बोर्नमथची पेनल्टी अडवली, पुढच्या आठवड्यात न्यूकॅसलची, तीही शेवटच्या भरपाई वेळेत, सामना 0-0 असताना.

तुझ्याकडे सहा वर्षं आहेत. रविवारी सकाळी सहाला गांधी मैदानात ये, हातमोजे घेऊन. पावसाने चिखल झाला असेल तरी ये, चिखलात डाइव्ह मारायची भीती लवकर जाते. पेनल्टी मारायला माझ्याकडे दोन पोरं आहेत, दोघंही डावरी.