वाचकांचे प्रश्न : आधी लग्न की आधी प्रवेश?

प्रश्न : मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. आहे. होणारा जावई अमेरिकेत पीएच.डी. करतो. सासरचे म्हणतात, डिपेंडंट व्हिसावर जाऊ दे, तिथे गेल्यावर शिकेल. जमेल का?
– एक आई, सांगली

उत्तर : जमेल, पण वाट फार लांबची आहे. विद्यार्थ्याच्या बायकोला मिळणारा डिपेंडंट (आश्रित) व्हिसा म्हणजे एफ-२. त्यावर नोकरी अजिबात करता येत नाही आणि शिक्षणही अर्धवेळच चालतं. पूर्णवेळ पदवी करायची तर व्हिसाचा दर्जा बदलण्याचा आय-५३९ अर्ज भरून एफ-१, म्हणजे स्वतः विद्यार्थी म्हणून दर्जा, घ्यावा लागतो. तो अर्ज कित्येक महिने पडून राहू शकतो आणि मंजुरीआधी पूर्णवेळ वर्गात बसता येत नाही. ऑगस्टचा प्रवेश हुकतो तो इथेच.

म्हणून तिने इथूनच प्रवेश घ्यावा, विद्यापीठाकडून स्वतःच्या नावाचा आय-२० (व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र) मागवावा आणि एफ-१ वरच जावं. मग आठवड्याला २० तासांपर्यंत कॅम्पसवर काम, पदवीनंतर १२ महिने ओपीटी (शिकलेल्या विषयात काम करण्याची परवानगी) आणि विज्ञान शाखेची म्हणून आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ, हे सगळं तिच्या स्वतःच्या हक्काचं असेल. एफ-२ वर मात्र नवऱ्याचा तिथे राहण्याचा कायदेशीर दर्जा संपला किंवा घटस्फोट झाला की तिचाही दर्जा जातो. लग्नाच्या बैठकीत हा विषय सहसा निघत नाही. तुम्ही तो काढाच.

डीएस-१६० या व्हिसा अर्जाच्या फॉर्ममध्ये नवरा किंवा नियोजित वर अमेरिकेत आहे का, असं विचारतात. खरं तेच लिहा. लपवाछपवी उघड झाली तर कायमची प्रवेशबंदी येऊ शकते. व्हिसाच्या मुलाखतीत हाच अभ्यासक्रम का, खर्च कोण करणार आणि पुढे काय, याची उत्तरं तिला स्वतःला देता यायला हवीत.

लग्न झाल्या झाल्या पासपोर्टवरचं आडनाव बदलू नका. आय-२० जुन्या नावाचा आणि पासपोर्ट नव्या नावाचा झाला, तर ऐन मुलाखतीच्या तोंडावर आय-२० पुन्हा काढावा लागतो. आडनाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही.

प्रश्न : मुलगा ब्रिटनमध्ये एक वर्षाचं एम.एस्सी. करणार आहे. सुनेला सोबत नेता येईल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. १ जानेवारी २०२४ पासून अशा वर्गशिक्षणाच्या मास्टर्सला जोडीदार नेता येत नाही. पीएच.डी., संशोधनाधारित पदव्या आणि सरकारी शिष्यवृत्तीवरचे विद्यार्थी यांनाच ती सवलत आहे. पुढे ग्रॅज्युएट व्हिसा (पदवीनंतर तिथे काही काळ राहून काम करण्याचा) मिळाला तरी त्यावर नव्याने जोडीदार बोलावता येत नाही. सुनेने स्वतः प्रवेश घ्यावा, नाहीतर मुलाला पदवीच्या पातळीची नोकरी आणि स्किल्ड वर्कर व्हिसा मिळेपर्यंत थांबावं.