सातवा महिना लागलाय ना, मग एवढंच बघ

अगं, रात्री तीनला जाग येते, छातीत धडधडतं आणि मग उजाडेपर्यंत मोबाइल, असं लिहिलंस. माझ्या पहिल्या खेपेला अगदी हेच व्हायचं. आधी तो मोबाइल लांब ठेव. प्रश्न वहीत लिही आणि तपासणीच्या वेळी वही उघडूनच बस. मी दर वेळी "सगळं ठीक आहे" म्हणून परत यायचे, तीच माझी मोठी चूक.

- जेवल्यावर डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोज. दोन तासांत 10 तरी हव्यात. कमी वाटल्या तर सकाळची वाट बघू नकोस, लगेच फोन कर.
- अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, डोकं खूप ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थेट दवाखाना.
- बाळंतपणाला नाशिकरोडहून कॉलेज रोडच्या दवाखान्यात जायचंय, तर एकदा संध्याकाळच्या गर्दीत जाऊन बघा. द्वारका चौकात किती अडकायला होतं ते कळेल. रुग्णवाहिकेचा 108 नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे.

भीती दोन आठवडे हटलीच नाही, झोप-भूक उडाली, तर डॉक्टरांना स्पष्ट सांग. लाजू नकोस, हेही तपासणीतच येतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर कधीही, मराठीत आणि मोफत बोलता येतं.

कळा, टाके, सिझर हे आत्ता नको. नववा लागला की विचार, मी आहे.