नागपूरच्या हवेवर आणि मुलांच्या आरोग्यावर काम सुरू करतोयस, तर आधी हे ऐक

रँडम फॉरेस्ट वगैरे (आकड्यांवरून अंदाज बांधणाऱ्या संगणकी पद्धती) नंतर. आधी प्रश्न पक्का कर: कोणत्या वयाची मुलं, कोणता आजार, कोणता प्रदूषक? ‘नागपूरच्या हवेचा मुलांवर परिणाम’ हा प्रश्न नाही, मथळा आहे.

हवेचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर फुकट मिळतात. पण मोजणी केंद्रं मोजकीच, आणि कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांजवळची हवा धरमपेठेसारखीच असेल असं कशावरून? सगळ्या जिल्ह्याला एकच सरासरी चिकटवलीस की जो फरक शोधायचा तोच पुसला जातो. उपग्रहाचे आकडे जोड, पण घरात चूल पेटते का हे त्यांना दिसत नाही.

ते एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१) मध्ये सापडेल: स्वयंपाकाचं इंधन, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना मागच्या दोन आठवड्यांत खोकला-ताप होता का. मात्र गोपनीयतेसाठी त्यातली सर्वेक्षणाची ठिकाणं नकाशावर मुद्दाम सरकवलेली असतात, शहरात २ किलोमीटरपर्यंत, खेड्यात बहुधा ५ पर्यंत. वस्तीच्या पातळीचा निष्कर्ष त्यातून काढूच नको.

खरी गोची ऋतूंची. हिवाळ्यात पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) वाढतं, तेव्हाच सर्दी-खोकल्याची साथही असते. ऋतू वेगळा काढला नाहीस तर दमा स्वेटरच्या विक्रीशीही जुळेल! आणि मे महिन्यात बरीच पोरं मामाच्या गावी असतात. ओपीडी घटली म्हणजे ती बरी झाली असं नाही.

रुग्णालयाच्या नोंदी हव्या असतील तर नैतिकता समितीकडचा अर्ज आत्ताच टाक.