पहिल्या सेशनला उपाय सांगायची घाई नको
अगं, समुपदेशनात नवीन आहेस म्हणून सांगते, आधी नुसतं ऐक. माझ्याकडे एक ताई झोप लागत नाही म्हणून आल्या, बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या, मी गप्पच राहिले आणि मग हळूहळू नवऱ्याच्या दारूबद्दल बोलायला लागल्या. झोप, डोकेदुखी, ॲसिडिटी, बऱ्याचदा सुरुवात तिथूनच होते गं. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्येच मांडलंय की आपली समज आणि विनाअट स्वीकार क्लायंटला जाणवला पाहिजे, नुसता आपल्या मनात असून उपयोग नाही. गोपनीयतेचं पहिल्याच भेटीत बोल, जिवाला धोका असेल तर ती मोडावी लागते हेही तेव्हाच. आणि मरायचे विचार येतात का हे सरळ विचार, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, रात्री-बेरात्रीसाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ लिहून दे, मराठीतही बोलतात.