जुन्या फोर बाय फोरसाठी कर्ज काढावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी १७ वर्षांची, २,१०,००० किलोमीटर झालेली टर्बो डिझेल फोर बाय फोर, आणि तुम्ही तिचे तिसरे मालक. आठ महिन्यांनी चौघांचं कुटुंब घेऊन तीन आठवडे तंबूत मुक्काम करत फिरायचं आहे. गॅरेजने सामानाची यादी दिली आहे. त्यासाठी १४ टक्क्यांनी तीन वर्षांचं वैयक्तिक कर्ज काढावं, मुदत ठेव मोडावी, की ही गाडी विकून नवी घ्यावी?

हिशेब सोपा जावा म्हणून गाडीच्या आजच्या विक्रीभावाला १०० धरतो आणि तुम्ही कळवलेल्या सगळ्या रकमा त्याच मापात मांडतो. घरखर्च महिन्याला १८, मुदत ठेव ९०, बचत खात्यात १४, महिन्याची शिल्लक ६. गॅरेजची यादी ११० ची आहे: सस्पेन्शन लिफ्ट (स्प्रिंग बदलून गाडी उंच करणं) १८, पाच टायर २०, छतावरचं कॅरियर आणि तंबू ३०, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) व लोखंडी बंपर २२, दुसरी बॅटरी व फ्रिज २०.

शंभराच्या गाडीवर एकशेदहाचा खर्च! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं कुणीही म्हणेल. मी एवढ्यावरून नाही म्हणणार नाही. विक्रीभाव हे इथे योग्य माप नाही. याच कामाची दुसरी गाडी कितीला पडते ते बघायला हवं. नव्या गाडीचा तुम्ही कळवलेला भाव ४२० आहे. जुनीचे १०० वजा केले तर उरतात ३२०. त्यावर १० टक्क्यांनी पाच वर्षांचं वाहनकर्ज घेतलं तर हप्ता ६.८० येतो. तुमची शिल्लकच ६ आहे. हा पर्याय इथेच संपतो.

मुदत ठेवीला हात लावू नका. ती पाच महिन्यांचा घरखर्च आहे, गाडीचा पैसा नव्हे.

राहिलं वैयक्तिक कर्ज. ११० वर ३६ महिने ३.७६ चा हप्ता, एकूण फेड १३५ च्या थोडी वर. व्याज २५. पण माझी खरी अडचण व्याजाची नाही. ती यादी मी दोनदा वाचली. तिच्यात टायमिंग बेल्टची (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा) ओळ नाही, रेडिएटरची नाही, डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी) ऑइलची नाही, ब्रेकची नाही. सगळा खर्च गाडीच्या अंगावर चढणाऱ्या वस्तूंचा. तीन आठवड्यांच्या प्रवासात गाडी थांबते ती आतल्या वस्तूंमुळे, आणि मग टोइंग, मुक्काम, घाईत मागवलेले पार्ट असा खर्च येतो. ३.७६ चा हप्ता चालू असताना तो २.२४ च्या शिल्लकीतून भागवायचा आहे.

म्हणून पहिला खर्च तपासणीचा, आणि तपासणीची सुरुवात चॅसिसपासून, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यापासून. गाडी गॅरेजच्या उचलणाऱ्या लिफ्टवर घ्या, खाली चिकटलेला चिखल धुऊन काढा, वाळू द्या. मग छोटी हातोडी घेऊन चॅसिसच्या दोन्ही पट्ट्यांवर पुढून मागे टकटक करत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. आतून खाल्लेला बद्द वाजतो, आणि तिथे जाड स्क्रूड्रायव्हर दाबला तर पापुद्रा सुटतो. मागच्या चाकांच्या वर जिथे चॅसिस वळते तिथे, स्प्रिंग जिथे अडकवलेली असते त्या जागी आणि आडव्या पट्ट्यांच्या जोडांवर जास्त वेळ द्या. पोकळ पट्टीत शिरलेला चिखल तिथेच साचतो आणि गंज आतून बाहेर येतो. काळं अंडरकोटिंग ताजं मारलेलं दिसलं तर जास्तच खोलात बघा; गंजावर मारलेला थर ओल आत कोंडतो.

त्यानंतर सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. चारही आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असले तर इंजिनावर पैसा घालायला हरकत नाही. एकच सिलिंडर बराच खाली असेल तर आधी कारण शोधा: व्हॉल्व्ह, रिंग की हेड गॅस्केट.

खर्चाची कमाल मर्यादाही आत्ताच ठरवा, कारण गॅरेजमध्ये गाडी उघडी पडल्यावर ती ठरत नाही. याच मॉडेलची, सर्व्हिसच्या नोंदी असलेली, चांगली राखलेली गाडी १५० ला मिळते असं तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे फरक ५०. दुसऱ्याच्या गाडीतही काहीतरी लपलेलं असतंच, त्याचे १० धरा. तुमच्या गाडीच्या यांत्रिक दुरुस्तीचा लेखी अंदाज ६० च्या वर गेला, किंवा स्प्रिंगच्या जागी चॅसिस आरपार गंजलेली निघाली, तर ही विकून ती घ्या. त्या खाली असेल तर हीच ठेवा.

मी यांत्रिक दुरुस्तीसाठी २५ धरतो. त्यात बेल्ट पहिला. मागच्या मालकाने तो कधी बदलला याची नोंद नाही, म्हणजे बदललेला नाही असंच समजायचं. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून मार्गावर ठेवणाऱ्या पुली) आणि वॉटर पंपही बदला. मजुरी एकदाच लागते, आणि जुना पंप सहा महिन्यांनी गळला तर तेच सगळं पुन्हा उघडावं लागतं. बेल्ट तुटला तर अशा बहुतेक डिझेल इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि मग खर्च बेल्टचा राहत नाही, हेडचा होतो.

कूलिंगमध्ये रेडिएटर, थर्मोस्टॅट, वरचा-खालचा होज पाइप, हीटरचे पाइप आणि पंख्याचा व्हिस्कस क्लच (तापलं की पंखा जोरात फिरवणारा) बघा. लो रेंजमध्ये (हळू पण जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) लादलेली गाडी चढ चढते तेव्हा इंजिनावर पूर्ण ताण असतो आणि समोरून वारा जवळजवळ नसतो. सगळी भिस्त पंख्यावर असते. रोजच्या रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावर राहतो, यावरून काही सिद्ध होत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, नळाचं पाणी नको.

मग ऑइल: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), पुढचं आणि मागचं डिफरन्शियल. ग्रेड मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या. डिफरन्शियलला बहुधा ८०डब्ल्यू-९० (घट्टपणा), जीएल-५ (दर्जा) लागतं, पण तेच गिअरबॉक्सात टाकू नका. अनेक जुन्या गिअरबॉक्सांना जीएल-४ लागतं आणि जीएल-५ मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) मानवत नाहीत. प्रत्येक ठिकाणी ऑइल भरण्याचा बोल्ट आधी सोडवा, ऑइल काढण्याचा नंतर. वरचा बोल्ट गंजून अडकला आणि ऑइल आधीच काढून टाकलेलं असलं, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. निघालेलं ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलं आहे. ते शिरतं असं: तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, ब्रीदर (एक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारं छोटं तोंड) चिखलाने बुजलेला असला की ती हवा सीलमधून ओढली जाते, आणि हवेबरोबर पाणी येतं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर न्यायची. या साऱ्या कामांत इतक्या कमी पैशात इतकं मोठं नुकसान टाळणारं दुसरं काम नाही, आणि ते गॅरेजच्या यादीत नव्हतं.

ब्रेक फ्लुइड बदला, ब्रेकचे रबरी पाइप भेगाळले असतील तर तेही. पुढच्या चाकांचे बेअरिंग ग्रीस करून घ्या, सीव्ही जॉइंटचे (चाक वळलेलं असतानाही ताकद पोहोचवणारे सांधे) रबरी बूट आणि प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट बघा.

यादीतल्या वस्तूंपैकी प्रवासाआधी मी फक्त टायर घेईन. आता असलेल्या टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा: २३१६ म्हणजे २०१६ चा २३ वा आठवडा. दहा वर्षं झालेला टायर नक्षी कितीही खोल असली तरी काढायचा. पाचही एकाच मापाचे घ्या, कारण फोर बाय फोरमध्ये मोठा-लहान घेर चालला तर ताण ट्रान्सफर केसवर येतो. माप वाढवू नका. २९ इंचांवरून ३१ वर गेलात तर गिअरिंग सुमारे ७ टक्क्यांनी लांबतं; जुनं इंजिन चढावर दमतं, ब्रेकवर ओझं वाढतं, स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही.

सुटकेच्या सामानासाठी ५ ठेवा: चॅसिसला बोल्ट केलेले, भारक्षमता लिहिलेले हुक, कायनेटिक पट्टा (ताणला जाणारा, गाडी ओढायचा), दोन शॅकल (जोडकड्या), फावडं, हवेचा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज. मऊ जमिनीत हवा कमी केली की टायरचा ठसा लांबतो. गाडी अडकल्यावर सर्वात आधी हेच करायचं. कायनेटिक पट्टा ट्रेलरच्या टो बॉलला कधीही लावू नका. झटक्यात तो बॉल तुटून गोळीसारखा सुटतो आणि माणसं मेली आहेत.

आता वजन. हा भाग कर्जाच्या निर्णयाइतकाच महत्त्वाचा आहे. तुमच्या गाडीचं कमाल वजन २,५०० किलो, डिझेलची टाकी भरून रिकाम्या गाडीचं १,९००. म्हणजे लादायला ६००. चौघांचे २१० धरा. पाणी ४० लिटर, ४० किलो. भरलेला फ्रिज ३५, छतावरचा तंबू ६०, कॅरियर ३०, बंपर आणि विंच ८५, दुसरी बॅटरी व वायरिंग ३०, हत्यारं, सुटे पार्ट व सुटकेचं सामान ४०, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाचं सामान व कपडे ५०. झाले ५८०. उरले २०. वीस लिटर डिझेलचा एक भरलेला कॅन साधारण २१ किलोचा असतो. सगळी यादी बसवली तर एक कॅनही नियमात घेता येत नाही, आणि लिफ्टने ही मर्यादा आपोआप वाढत नाही. तंबू, कॅरियर, विंच आणि बंपर वगळले तर १७५ किलो मोकळे होतात. छताची चालत्या गाडीतली भारक्षमताही मॅन्युअलमध्ये बघा. उभ्या गाडीपेक्षा ती बरीच कमी असते.

पैशांची मांडणी मग अशी. महिन्याच्या ६ पैकी १.५ गाडीच्या वेगळ्या खात्यात, फक्त मोडतोडीसाठी. उरलेले ४.५ आठ महिने, म्हणजे ३६. बचत खात्यातले १४ मिळवून ५०. त्यातून दुरुस्ती २५, टायर २०, सुटकेचं सामान ५. निघताना मोडतोडीच्या खात्यात १२ असतील. तंबू जमिनीवरचा, फ्रिजऐवजी आइसबॉक्स.

परत आल्यावर तीच ४.५ ची बचत चालू ठेवली तर यादीतले उरलेले ९० वीस महिन्यांत जमतात. आजपासून एकूण २८ महिने आणि १४० खर्च, त्यात दुरुस्तीही आली. कर्जात ३६ महिने आणि १३५, तेही दुरुस्ती सोडून. शिवाय प्रवासानंतर यादी बदलेल असं मला वाटतं. बॅटरी आणि फ्रिज पहिल्यांदा घ्या. ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ३० ते ४० अँपिअर-तास घेतो, तो इंजिनाच्या बॅटरीवर रात्रभर लावला तर सकाळी स्टार्टर फिरेलच याची खात्री नाही. दुसऱ्या बॅटरीच्या जाड वायरीला दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. लिफ्ट त्यानंतर, तीही गाडीचा तळ कुठे घासला हे पाहून. विंच घ्यायचीच ठरली तर कमाल वजनाच्या दीडपट, म्हणजे ३,७५० किलो ओढणारी. त्यापेक्षा लहान घेऊन पैसे वाचत नाहीत.

लिफ्ट, बंपर किंवा विंच बसवण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी कळवा आणि लेखी होकार घ्या. न कळवलेल्या बदलावर दावा अडतो. तुमच्याकडे असे बदल नोंदवावे लागतात का, तेही परिवहन खात्याकडे आधी विचारा.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: कर्जाचा अर्ज थांबवा, चॅसिस आणि कॉम्प्रेशनची तपासणी ठरवा, आणि ती ज्या गॅरेजने यादी दिली त्याच्याकडे नको, दुसरीकडे करून घ्या. दुरुस्तीचा अंदाज पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून मागा.